कौल मागण्याआधी

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यातल्या मतदाराच्या हातात जी मतपत्रिका पडली, तिच्यावर एकाही उमेदवाराचे नाव नव्हते. दोन चिन्हे होती. फुलावर शिक्का मारला की गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा असे मत. दोन पानांवर मारला की गोवा केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा असे मत. मोजणी संपून निकाल लागेपर्यंत १९ तारीख उजाडली. फुलाला १,३८,१७० मते पडली होती आणि दोन पानांना १,७२,१९१. एखाद्या राज्यात विलीन व्हायचे की नाही, असे लोकांनाच थेट विचारण्याचा प्रसंग स्वतंत्र भारतात त्याआधी आला नव्हता आणि त्यानंतरही आलेला नाही.

काशीमीऱ्यात बसून लिहिलेल्या प्रस्तावनेला गोव्यापासून सुरुवात करण्याचे कारण या संग्रहाच्या विषयातच आहे. लहान घटक मोठ्यात मिसळतो तेव्हा काय होते, हा इथल्या सगळ्या लेखांचा प्रश्न आहे. राष्ट्राचे सार्वभौमत्व आणि खंडाची एकजूट असे म्हटले की हा प्रश्न लंडन आणि ब्रसेल्सचा वाटू लागतो. प्रत्यक्षात तो आमच्या अंगणात येऊन गेला आहे. काशी आणि मीरा ही दोन गावे होती. १९८५ मध्ये या पट्ट्यातल्या ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, पुढे उत्तन, डोंगरी, राई, मुर्धे ही खाडी-समुद्राकडची गावेही तिच्यात आली, आणि २००२ मध्ये नगरपरिषदेची महापालिका झाली. गोवेकरांना विचारले गेले. आम्हाला कोणी विचारले नाही.

हे गाऱ्हाणे म्हणून लिहीत नाही, आणि गावे एकत्र येण्याला माझा मुळात विरोधही नाही. पिण्याचे पाणी, सांडपाणी, रुग्णालय, कचऱ्याची विल्हेवाट ही कामे एकट्या ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली राहिली नव्हती. १९५७ मध्ये मुंबई महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली आणि तिथेच थांबली. माणसे मात्र हद्दीपाशी थांबली नाहीत. १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या १,७५,६०५ होती, २००१ मध्ये ५,२०,३८८ आणि २०११ मध्ये ८,०९,३७८. एवढ्या लोंढ्याला सरपंच आणि ग्रामसेवक पुरे पडले नसते, हे जुन्या गावकऱ्यांनाही मान्य आहे. मोठे होण्याची गरज खरी होती. पण गरज खरी असली तरी तिच्यासाठी काय सोडावे लागेल, हे आधी सांगावे लागते, आणि सांगून झाल्यावर विचारावे लागते. या संग्रहामागची माझी धारणा एवढीच आहे. तिचा दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा आहे: विचारण्याआधी गावभर, राज्यभर, देशभर बोलणे झाले नसेल, तर कौलाला अर्थ उरत नाही.

काय सुटले ते आधी पाहू. ग्रामपंचायत होती तेव्हा ग्रामसभा होती. शाळेच्या पडवीत नाहीतर देवळाच्या मंडपात सतरंजी पडायची, आणि मतदार यादीत नाव असलेला कोणीही उठून गुरचरणाबद्दल, विहिरीबद्दल, घरपट्टीबद्दल सरपंचाला तोंडावर विचारू शकायचा. ग्रामसभेत भांडणे होत, दादागिरी होत असे, बायकांना बोलू दिले जात नसे, हेही खरे. पण ती सभा कायद्याने होती. महापालिकेत तिची जागा कोणी घेतली नाही. महाराष्ट्राने महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली आहे, पण ती कागदावरच राहिली. काशीमीऱ्यातल्या दहा माणसांना क्षेत्रसभा म्हणजे काय असे विचारून पाहावे. सर्वात मोठा फटका डोंगराकडच्या पाड्यांना बसला. माशाचा पाडा, डाचकुल पाडा, मांडवी पाडा इथली आदिवासी घरे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला टेकून आहेत. अनुसूचित क्षेत्रातल्या पाड्यांना पेसा कायद्याने स्वतःची ग्रामसभा मिळते. शहराच्या हद्दीतल्या पाड्याला मिळतो तो प्रभाग.

आणि हे सारे ठरते कसे? कायदा सांगतो की हद्द बदलायची तर शासनाने अधिसूचना काढावी आणि हरकती व सूचना मागवाव्यात. ही सूचना वर्तमानपत्रात येते, पण बातमीच्या पानावर येत नाही. टेंडर, हरवलेले सातबारे, नावात बदल यांच्या गर्दीत, मुंगीएवढ्या अक्षरांत ती छापलेली असते: उत्तरेस अमुक खाडी, पूर्वेस तमुक सर्व्हे नंबर, दक्षिणेस मौजे अमुकची शीव. मुदत संपते, हरकती 'विचारात घेतल्या' जातात, आणि गाव शहर होते. ज्याच्या जमिनीचा सर्व्हे नंबर त्यात असतो त्याला हे पुष्कळदा कराचे बिल हातात पडल्यावर कळते. वृत्तपत्राने आपले कायदेशीर काम केलेले असते, जाहिरातीचे पैसेही घेतलेले असतात. त्याच अंकात त्याच विषयावर दोन परिच्छेदांची बातमी मात्र नसते.

जिथे लोकांनी हरकत नोंदवण्यापलीकडे जाऊन आवाज केला, तिथे काय झाले हे शेजारीच पाहायला मिळते. कल्याण-डोंबिवलीतली २७ गावे १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर गेली, २०१५ मध्ये परत आत आली. २०२० मध्ये त्यांतली १८ गावे वगळण्याचा निर्णय शासनाने घेतला आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. जवळजवळ चाळीस वर्षांच्या या ये-जामध्ये गावकऱ्यांच्या हातात मतपत्रिका देऊन एकदाही विचारले गेले नाही. खाडीपलीकडे वसईत २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून वसई-विरार महापालिका झाली. गावांनी कडवा विरोध केला. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत वसईने या विरोधाचे नेतृत्व करणाऱ्या विवेक पंडित यांना निवडून दिले. २०११ मध्ये २९ गावे वगळण्याचा निर्णय झाला, तो न्यायालयात अडकला, आणि २०२४ मध्ये शासनाने ती गावे महापालिकेतच ठेवण्याची अधिसूचना काढली. निकाल काहीही लागो, वसईची गावे बोलली. ती बोलू शकली याचे एक कारण मला दिसते. तिथे १९५५ पासून 'सुवार्ता' मासिक निघत होते, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या संपादकपदाच्या काळात हरित वसईच्या लढ्याला त्याने घरोघर नेले. लोकांना आपल्या प्रश्नावर एकत्र वाचायची सवय आधीपासून होती. आमच्याकडे स्थानिक साप्ताहिके आहेत, त्यांतले काही पत्रकार जीव तोडून काम करतात. पण गावांच्या हद्दीचा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरणारे असे नियतकालिक या पट्ट्यात उभे राहिले नाही.

गोव्याकडे परत येतो, कारण या विषयाचा गाभा तिथे आहे.

१९६१ पर्यंत गोव्यात बोलायलाच बंदी होती. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत छापायचा प्रत्येक मजकूर आधी सेन्सॉरकडे जायचा. लग्नाच्या पत्रिकासुद्धा त्यातून सुटत नसत. अशा प्रदेशात मुक्तीनंतर पाच-साडेपाच वर्षांत लोकांना इतिहासातला सर्वात मोठा प्रश्न विचारला गेला. मार्च १९६२ मध्ये 'गोमन्तक' सुरू झाला आणि मराठी वाचकाच्या घरात पोहोचला. तो विलीनीकरणाच्या बाजूने होता. बहुजन समाजाची मोठी संख्या मराठीत वाचत होती, दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष १९६३ पासून सत्तेवर होता, आणि महाराष्ट्रातली वृत्तपत्रे व पुढारी यांचा बहुतेक सूर एकच होता. विरोधी बाजूचे युनायटेड गोवन्स पक्षाचे नेते जॅक सिक्वेरा ख्रिस्ती समाजात लोकप्रिय होते. पण मराठी वाचणाऱ्या हिंदू घरात ती बाजू पोहोचणार कशी?

ती पोहोचली मडगावच्या 'राष्ट्रमत'मधून, आणि तीही मराठीतून. महाराष्ट्रात विलीन होऊ नका हे सांगणारे दैनिक मराठीत निघाले, ही गोष्ट आम्हा मराठी माणसांनी आजवर नीट पचवलेली नाही असे मला वाटते. चंद्रकांत केणी त्याचे संपादक होते, आणि उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' या सदरात रोज विलीनीकरणवाद्यांच्या मुद्द्यांचा समाचार घेत. गायक उल्हास बुयांव विलीनीकरणाविरुद्ध गावोगाव गात फिरत होते. विलीन झाल्यावर पणजीचे सचिवालय उरेल का, नोकऱ्यांत गोवेकराचा वाटा किती राहील, मुंबईतल्या विधानसभेत गोव्याच्या मूठभर आमदारांना कोण विचारेल, असे रोजच्या जगण्यातले प्रश्न त्यातून पुढे आले. दुसऱ्या बाजूकडेही ठोस मुद्दे होते: भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, कचाट्यातून कुळांची सुटका, मराठी शाळा, एका मोठ्या राज्याचा आधार. गोव्यातल्या चहाच्या दुकानात बसलेल्या माणसाला दोन्ही बाजू त्याला कळणाऱ्या भाषेत, रोज सकाळी, काही पैशांत मिळत होत्या. माझ्या मते त्या कौलाचे खरे यश निकालात नाही, यात आहे.

आणखी एक गोष्ट त्या कौलात झाली जी आज कोणी करील असे वाटत नाही. सत्तेवर बसलेल्या पक्षाने मतदानावर दबाव आणू नये अशी मागणी झाली, आणि बांदोडकरांनी डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला. मतदान राष्ट्रपती राजवटीत झाले. ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकांनी मत दिले. बांदोडकर हरले. मग मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली, आणि त्याच मतदारांनी त्यांना परत मुख्यमंत्री केले. विलीनीकरणाला नाही म्हणणारा मतदार बांदोडकरांना हो म्हणू शकला, कारण दोन प्रश्न त्याला दोन वेगळ्या दिवशी विचारले गेले. लोकांना हे बारकावे कळत नाहीत, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने १९६७ चा जानेवारी आणि मार्च एकत्र वाचावा.

आपल्याकडे याच्या दहा वर्षे आधी उलटा अनुभव येऊन गेला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ, मराठवाडा, गुजरात, सौराष्ट्र, कच्छ आणि मुंबई यांचे विशाल द्वैभाषिक राज्य दिल्लीने जनतेवर लादले. त्याआधीच्या वर्षभरात गोळीबारात माणसे पडली होती, आणि मुंबईची बडी इंग्रजी वृत्तपत्रे संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला एकतर विरोध करत होती किंवा तिच्याकडे काणाडोळा करत होती. १५ नोव्हेंबरला आचार्य अत्र्यांनी 'मराठा' दैनिक सुरू केले. त्याची भाषा भडक होती, पुष्कळदा अन्यायकारकही होती, हे आज निवांतपणे वाचताना जाणवते. पण १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसला जो धडा दिला, तो शांततेत शिजला नव्हता. लोकांना वाचायला काहीतरी मिळाले होते.

युरोपची गोष्ट याच अंगाने पाहिली तर जवळची वाटते. ब्रिटनमध्ये ५ जून १९७५ रोजी सामायिक बाजारपेठेत राहावे की नाही यावर सार्वमत झाले आणि सदुसष्ट टक्के लोकांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला. त्या वेळी कम्युनिस्टांचे 'मॉर्निंग स्टार' वगळता देशातली झाडून सारी मोठी दैनिके 'राहा' म्हणत होती. पुढे बाजारपेठेचा युरोपीय संघ झाला, संसदेचे अधिकार पातळ होत गेले, आणि पुष्कळ सार्वत्रिक निवडणुकांत दोन्ही मोठे पक्ष या विषयाला बगल देत राहिले. लोकांना परत विचारायला ४१ वर्षे लागली. २३ जून २०१६ ला ५१.९ टक्के लोक बाहेर पडा म्हणाले, आणि ज्या कटुतेने म्हणाले ती एवढ्या वर्षांच्या अबोल्यातून साचली होती. फ्रान्स आणि नेदरलँड्सने २००५ मध्ये युरोपची राज्यघटना सार्वमतात नाकारली. तिचा बराचसा आशय दोन वर्षांनी लिस्बन करारात आला आणि आयर्लंड सोडून बाकी ठिकाणी संसदांनीच तो मंजूर केला. डेन्मार्कचे उदाहरण मला या सगळ्यात जास्त शिकण्यासारखे वाटते. १९९२ मध्ये डॅनिश लोकांनी मास्ट्रिख्ट करार निसटत्या मताने नाकारला, त्यावर देशाला चलन, संरक्षण अशा चार बाबतींत सवलती मिळाल्या, आणि पुढल्या वर्षी त्याच लोकांनी तो स्वीकारला. नाही म्हणता आले, म्हणून अटी घालता आल्या. २७ गावांना किंवा काशी-मीऱ्याला अशी अट घालायची संधी कधी मिळाली असती, तर गावठाणाच्या सीमा, कोळीवाड्यांची सुकवणीची जागा, पाड्यांची ग्रामसभा या गोष्टी करारात लिहून घेता आल्या असत्या.

निवडणुकीआधीच्या शांततेचे दोन प्रकार आहेत, आणि ते एकमेकांत मिसळू नयेत. पहिली शांतता कायद्याची. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास सभा आणि दूरचित्रवाणीवरचा प्रचार बंद असतो. फ्रान्समध्ये मतदानाआधीच्या शुक्रवारी मध्यरात्री प्रचार थांबतो. २०१७ मध्ये त्याच संध्याकाळी राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार माक्राँ यांच्या प्रचारयंत्रणेचे हजारो ईमेल फुटले, तेव्हा तिथल्या निवडणूक आयोगाने ते छापू नका असे सांगितले. ही शांतता मतदाराला श्वास घ्यायला दिलेली असते आणि ती मला मान्य आहे. दुसरी शांतता कोणत्याही कायद्यात नाही. ती ४८ तासांची नसते, पाच-पाच वर्षे चालते. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले की एकाच उमेदवाराची स्तुती करणारा तोच मजकूर, तोच शब्दन् शब्द, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत बातमी म्हणून छापून आला होता. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या समितीने ७१ पानांचा अहवाल लिहिला, त्यात वृत्तपत्रांची नावे होती, आणि कौन्सिलने तो पुरा प्रसिद्ध केला नाही. माहितीच्या अधिकारात लढल्यावर २०११ मध्ये तो बाहेर आला. जिथे बातमीची जागा विकत मिळते, तिथे गप्प बसण्यालाही भाव येतो.

आमच्या शहराची महापालिका ऑगस्ट २०२२ मध्ये मुदत संपून प्रशासकाच्या हाती गेली. प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाच्या वादात महाराष्ट्रभर निवडणुका अडकल्या. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिला, आणि १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले. म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ आठ लाखांवर वस्तीच्या शहराला एकही नगरसेवक नव्हता. अंदाजपत्रके झाली, विकास आराखडा, डोंगरीतली मेट्रोची कारशेड, तिच्यासाठी तोडायची झाडे यांवर निर्णय झाले, आणि सभागृह रिकामे होते. जुलै २०२५ मध्ये मराठीच्या प्रश्नावर मीरा रोडला मोर्चा निघाला तेव्हा देशभरच्या वाहिन्यांच्या गाड्या इथे येऊन उभ्या राहिल्या. मराठीचा प्रश्न खरा आहे आणि माझ्या जिव्हाळ्याचा आहे. पण त्या आठवड्यात मी पाहिलेल्या एकाही चर्चेत, ज्या शहरात हे घडते आहे तिथे लोकांचे सभागृहच नाही, हे कोणी सांगितले नाही. जानेवारीच्या प्रचारातही उमेदवारांच्या याद्या, बंडखोऱ्या, युत्या यांनी पाने भरली. बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे, म्हणजे एका मतदाराने चार बटणे दाबायची. त्या चौघांपैकी कोणाला पाड्याच्या ग्रामसभेबद्दल विचारायचे, हेही ठरत नव्हते.

या संग्रहातले लेख या पार्श्वभूमीवर वाचावेत. त्यांच्यातले सगळे विचार मला पटतात असे नाही. एका लेखात गावे महापालिकेतून बाहेर काढण्याची बाजू मांडली आहे. ती आता व्यवहारात उतरेल असे मला वाटत नाही, तरी ती छापली पाहिजे असा मी आग्रह धरला. गोव्यावरच्या लेखात विलीनीकरणवाद्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांतल्या ताकदीने यावे, असाही आग्रह होता, आणि तो लेखकाने पाळला आहे.

एक मोठी उणीव राहिली. १९८५ पूर्वीच्या इथल्या ग्रामपंचायतींची कागदपत्रे फार थोडी हाती लागली. मेट्रोच्या एका स्थानकाला काशीगाव असे नाव दिले आहे, पण त्या गावाच्या शेवटच्या ग्रामसभेत काय ठरले, कोण काय बोलले, याचा कागद आम्हाला मिळाला नाही. काशी, मीरा, चेणे, वरसावे, घोडबंदर, नवघर, उत्तन इथल्या ज्या घरांत जुन्या घरपट्टीच्या पावत्या, ग्रामसभेच्या नोटिसा, इतिवृत्ताची वही किंवा नगरपरिषद होताना पाठवलेल्या हरकतीची पोच असेल, त्यांनी तिची छायाप्रत द्यावी. जे त्या सभांना हजर होते त्यांनी सांगावे, आम्ही घरी येऊन लिहून घेऊ. दुसऱ्या आवृत्तीचा पहिला भाग त्यासाठीच राखून ठेवला आहे.